मालकाच्या जागी आकडा

पाराना गावातल्या एका छोट्या मोहल्ला रेडिओची डिस्क काठोकाठ भरली होती. भर दुपारी सगळं गाव पडदे ओढून आडवं झालं होतं आणि नोएमी एकटीच सर्व्हरपुढे बसली होती. हाताशी गरम पाण्याचा थर्मास, कडू माटे पाल्याचा काढा भरलेला वाळका पोकळ भोपळा, त्यात ओढून प्यायची नळी. संध्याकाळच्या बातम्यांआधी जागा झाली नाही, तर रेडिओ मुका होणार होता.

लिनक्सवर खातं पुसलं तरी त्याच्या फायली मागे राहतात. मालकाच्या नावाजागी नुसता त्याच्या खात्याचा आकडा उरतो. असल्या बेवारस फायली तिने शोधल्या. सगळ्यांवर एकच आकडा होता, आणि तो कुणाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हातारा निवेदक ओव्हिदिओ! रोज टेबलाच्या पलीकडे बसून तिच्या भोपळ्यातला काढा प्यायचा. ‘आभारी’ म्हणेपर्यंत समोरच्याला भरून देत राहायचं, ही तिकडची रीत. आणि हा गडी थर्मास संपल्याशिवाय ‘आभारी’ म्हणायचा नाही. तो इस्पितळात असताना, आता कसला परततोय म्हणून, नोएमीने त्याचं खातं पुसून टाकलं. आणि तो परतला की! काठी टेकत आला, बसला, पुन्हापुन्हा पासवर्ड टाकत राहिला.

“नोएमी, पोरी, मला आत घेत नाही गं हे.”

आणि ही बया काय म्हणाली? “तुम्हीच विसरला असाल, काका.”

त्याने मान डोलावली, घरी गेला आणि त्याच आठवड्यात वारला. आठवलं की अजून तिचे कान तापत.

फोन वाजला. संचालिका एल्सा.

“झाली का जागा? पुसून टाक की ते. मेलेल्या माणसाच्या फायली कोण विचारतंय?”

“सगळे जुने कार्यक्रम आहेत गं काकांचे. दुसरी प्रत नाही कुठे.”

“मग काय, रेडिओ बंद ठेवू?”

पुसण्याआधी तपासायचं ते तिने तपासलं. या फायली एखाद्या प्रोग्रामला लागतात का? नाही. कुणी उघडून बसलंय का?

एक फाईल उघडी होती. ध्वनिमुद्रण. आणि ती वाढत चालली होती. डिस्क तीच खात होती.

स्टुडिओतल्या माइकची वायर तर काढून तिच्याच खणात ठेवलेली होती, मग मुद्रण होतंय कसलं? तिने हेडफोन चढवले. आत खुर्ची करकरली. कीबोर्डच्या कळा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

तिने नळी ओठाला लावली. तो घोट हेडफोनमध्ये ऐकू आला.

मग अगदी जवळून, “आत घेत नाही गं हे.”

शरमेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुसायच्या आज्ञेवरचा हात तिने मागे घेतला.

“काका, तुम्ही विसरला नव्हता,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली. “मीच पुसलं होतं. तुमच्या तोंडावर खोटं बोलले मी.”

तिने त्याच आकड्याने खातं पुन्हा उघडलं. फायलींवर ओव्हिदिओचं नाव आलं. वाढणारी फाईल थांबली, मग दिसेनाशीच झाली. डिस्कवर जागाच जागा!

नोएमीने डोळे पुसले, भोपळा भरला आणि सवयीने टेबलाच्या पलीकडे ठेवला. एल्साला फोन लावायला वळली.

मागे नळी तळाशी खळखळली.

भोपळा रिकामा होता, नळी ओली. ती कान देऊन उभी राहिली. ‘आभारी’ काही कुणी म्हणालं नाही.

तिने थर्मास उचलला आणि भोपळा पुन्हा भरून दिला.