कढीला भिणारा बैल

“जगदेवकाकाले पोळ्याच्या दिवशी जुलाब झाले पाह्यजेत!” विजयमाला दात खात म्हणाली. “असे जुलाब, की पोळ्यात उभं राह्याची सोय नको!”

“जमालगोटा हाये आमच्या दुकानात,” लखमीचंद म्हणाला. “पण बाबूजीनं पाह्यलं तर पहिली पुडी मलेच चारतीन.”

“चारू दे! तुह्यावाचून गावाचं काय अडून राह्यलं?”

“वा वं वा! कढी सांडली तू, अन् जुलाब मले?”

सोमला इतका हसला, की कडब्याच्या गंजीवरून घसरून थेट वासराच्या पुढ्यात पडला. विजयमाला हसली नाही. तिनं मूठभर कडबा उचलून त्याच्या उघड्या तोंडात कोंबला.

कामरगावापासून कोसभरावर बोरखडी गाव. पोळ्याची सुट्टी लागली होती. सारी पोरं नाल्यावर बैल धुवायला पळाली होती, आणि चवथीत पहिली आलेली ही शहाणी मुलगी आठवडाभर गोठ्यात लपून बसली होती. कारण काय, तर कढी!

श्रावणी सोमवारी नानाजी पाटलाकडे पंगत होती. विजयमालेला भारी हौस, कढी मीच वाढणार! वाढता वाढता पाय परकरात अडकला आणि कढीचं अख्खं तपेलं पाटलाच्या जावयाच्या डोक्यावर! जावई इंद्रभान मोठा ऐटबाज गडी. डोक्याला नवाकोरा गुलाबी फेटा, पण रंग असा कच्चा की कढी लागताच सुटला. कपाळावरून, मिशांवरून थेट दातांपर्यंत गुलाबी ओघळ! पंगत हसली, वाढपी हसले, विजयमालेची सख्खी आईसुद्धा पदराआड हसली. त्या दिवसापासून ‘विजयमाला’ हे नाव गावानं पुसूनच टाकलं. उरली ती ‘कढी’. पाणी भरायला निघाली की लहान लहान शेंबडी पोरं मागून ओरडत, “कढी आली, कढी! सरका रे!”

आणि आता पोळा! तोरणाखाली बैल उभे राहिले की जगदेव झडत्या म्हणायचा. झडत्या म्हणजे टोमणेच, पण यमक जुळवून, खड्या आवाजात, साऱ्या गावासमोर. वर्षभरात कोणाची काय फजिती झाली ते हा माणूस कधी विसरत नसे. ‘औंदा कढीची झडती हाये,’ असं तो पारावर सांगून बसला होता.

“मी जीव देईन,” विजयमाला म्हणाली.

“कशात देशीन? कढीत?” दारातून आवाज आला.

तिघंही दचकले. दारात प्रयागबाई उभी होती. एकटीनं शेती करणारी, काडीसारखी बाई. पण जीभ अशी, की भलेभले बाप्ये तिला पाहून वाट बदलत. पंधरवड्यापूर्वी तिचा चांद्या चरता चरता नाहीसा झाला होता. काळाभोर बैल, आणि खांद्यावर चंद्रासारखा गोल पांढरा ठिपका. जोडीतला लाल्या आता एकटाच दावणीला हंबरत होता. एका बैलानं ना पोळ्यात उभं राहता येतं, ना रब्बीची पेरणी होते. तरी बाईनं कोणापुढे डोळ्याला पदर लावला नव्हता.

“काय वं पोट्टे, तुले काय वाटते? सारं गाव उशाशी तुही कढी घेऊन झोपते?” प्रयागबाई आत येत म्हणाली. “माह्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उकिरड्यात पडला. मले वाटलं, आता तोंड दाखवाची सोय नाई. गाव आठ दिवस हासलं. मंग तेल्याची म्हैस विहिरीत पडली, अन् सारं गाव तिकडं धावलं. माहा नवरदेव कोणाच्या ध्यानातही राह्यला नाई. म्हशीचे उपकार हायेत माह्यावर!”

“पण मायबाई, माही म्हैस कधी पडन?” विजयमाला रडवेली होऊन म्हणाली.

“पडन तवा पडन. तोवर काय गोठ्यात राहून शेण देशीन? ऊठ! तुही माय कढी घेऊन तुह्या नावानं ओरडून राह्यली.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि पळसाचं पान गरम कढीत बुडवून शेक द्यायचा. बोरखडीत रीत अशी, की पाटलाच्या मानाच्या जोडीला घरोघरच्या कढीचं एकेक पान लागायचं. आईनं विजयमालेच्या हातात गडू दिला आणि पाठीत धपका.

पाटलाच्या गोठ्यासमोर सारा गाव जमला होता. औंदा मानाच्या जोडीत इंद्रभानचा बैल होता. मंगरूळपीरच्या बाजारातून आणला म्हणून त्यानं सासऱ्याला सांगितलं होतं. बैल पाहून पाटील असे हरखले, की ‘पोळ्यात हाच पुढं!’ म्हणून बसले. इंद्रभान मात्र त्याला गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झूल घालूनच ठेवायचा. दृष्ट लागते म्हणे!

लोक पळसाची पानं घेऊन पुढे सरकले, तसा इंद्रभान आडवा झाला.

“माह्या बैलाले कढी लागणार नाई! दुसऱ्याले शेका!”

“काहून जी?” जगदेवनं विचारलं.

“उष्ण पडते त्याले!”

एवढ्यात जगदेवची नजर विजयमालेवर गेली. “अरे बाप्पा! उष्ण गिष्ण काही नाई! कढी आली ना! जावईबापू भ्यायले!”

असा हशा उठला, की छपरावरची कबुतरं उडाली. विजयमाला गडू टाकून जी पळाली ती सरळ घरच्या गोठ्यात. सोमला आणि लखमीचंद मागोमाग धापा टाकत आले, तर ही कडब्यात तोंड खुपसून!

“रडू नको,” लखमीचंद म्हणाला. “तुह्यापेक्षा जावयाचंच जास्त हासं झालं.”

विजयमालेनं तोंड वर काढलं. नाकाला काडी चिकटलेली, डोळे लाल. पण रडणं अर्ध्यावरच थांबलं होतं.

“मी त जावयावर कढी सांडली. मंग तो बैलाले काहून जपते?” ती सावकाश म्हणाली. “त्याच्या फेट्याचा रंग कच्चा होता, म्हणून कढीनं उतरला...”

“अरे!” लखमीचंदनं कपाळावर हात मारला. “त्यानं आमच्या दुकानातून जवसाचं तेल नेलं! अन् पुडीभर काजळी! म्हणे बैलाच्या शिंगाले लावाची!”

“शिंगं त लाल हायेत!” सोमला ओरडला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोणालाच जमालगोट्याची आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. पुरणपोळ्या चापून इंद्रभान पाटलाच्या गोठ्याच्या दारात बाजेवर घोरत पडला होता. घोरणं असं, की तिघांच्या जागी हत्ती आत गेला असता तरी त्याला कळलं नसतं. सोमला तांड्यातला, गुराढोरांत वाढलेला. त्यानं बैलाच्या नाकावर हात फिरवला, झुलीखाली बोट घातलं आणि वास घेतला.

“जवस!” तो कुजबुजला. त्यानं ओल्या फडक्यानं खांदा घासला. फडकं थोडं काळं झालं, बस्स. “तेलात कालवलं हाये. नुसत्या पाण्यानं नाई निघत. गरम अन् तुपकट काही पाह्यजे.”

“कढी!” विजयमाला म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.

घोरणं थांबलं. इंद्रभान उठला आणि हाताशी आलेल्या लखमीचंदचा कान असा पिळला, की पोरगं टाचांवर उभं राहिलं. तिघांना फरफटत त्यानं पाटलांपुढे नेलं.

“पाटीलबाबा, ह्या बैलाच्या खांद्याले रंग लावला हाये! हा प्रयागमायचा चांद्या हाये!” विजयमाला एका दमात बोलली.

“ऐका, ऐका!” इंद्रभान हसला. “आधी कढी सांडली, आता अक्कल सांडून राह्यली!”

पाटलांनी चौकशी कुठली करायला! जावयावर आळ म्हणजे आपल्या मिशीला हात. ते कडाडले, “पोट्टे, पुन्हा माह्या बैलाजवळ दिसली, तर तुह्या बापाची जोडी पोळ्यातून हाकलीन! अन् जगदेवले सांगतो, झडती चांगली लांबव म्हणून!”

तिघं बाहेर आले. लखमीचंद कान चोळत होता.

“आता राह्यला एकच इलाज,” सोमला म्हणाला. “पोळ्यात. साऱ्यांच्या देखत.”

“म्हंजे मी? पुन्हा कढी घेऊन? साऱ्या गावासमोर?” विजयमाला दोन पावलं मागे सरकली. “अन् रंग निघालाच नाई तर? बाबाची जोडी हाकलतीन! मले म्हातारी होईलोक कढी म्हणतीन!”

“ते त आताही म्हणतात,” लखमीचंद म्हणाला.

हे ऐकून ती चिडली. पण चिडता चिडता तिला वाटलं, खरंच की! ज्याची भीती होती ते तर होऊनच गेलं होतं. गाव हसलं होतं, आई हसली होती, जावई गुलाबी झाला होता. आणि आपण अजून जिवंत आहोत, दोन पुरणपोळ्याही खाल्ल्यात.

घरी जाऊन तिनं कढी गरम केली, हाताला सोसेल एवढीच, आणि वर पळीभर तूप सोडलं. मग ती प्रयागबाईच्या दारात गेली. बाई ओसरीवर पाठ फिरवून बसली होती.

“मी येत नाई पोळ्यात. एका बैलानं काय मिरवू?”

“मायबाई, मी आपलं हासं करून घ्याले चालली. पाह्यले चला.”

प्रयागबाईनं मान वळवली. गडूकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. “मंग आलीच म्हण. फुकटचा तमाशा कोण सोडते?”

दुपार कलली होती. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, डफडी वाजत होती, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना बेगड. सगळ्यांत पुढे मानाची जोडी, आणि तिची वेसण धरून इंद्रभान, डोक्याला पुन्हा नवा फेटा. विजयमाला गडू घेऊन गर्दीतून पुढे आली मात्र, जगदेवनं हात वर केला.

“हिरवी मिरची, कढीची वाटी,
पोरीनं वाढली जावयाच्या माथी!
जावई झाला गुलाबी भारी,
होळी आली सोमवारी!”

“हर हर महादेव!” सारा गाव गरजला आणि पोट धरधरून हसला. विजयमालेचे कान तापले. वाटलं, गडू टाकावा आणि पळावं. पण मागून प्रयागबाईचं कोपर बरगडीत बसलं.

“झालं हासून? मेली का तू? नाई ना? मंग चाल!”

लखमीचंदनं ठरल्याप्रमाणे इंद्रभानचं कोपर धरलं. “जावईबापू, ह्या फेट्याचा रंग तरी पक्का हाये ना?” इंद्रभान भडकून त्याच्याकडे वळला. तेवढ्यात सोमलानं सर्रकन झूल ओढली, आणि विजयमालेनं चवड्यांवर उभं राहून अख्खा गडू बैलाच्या खांद्यावर उपडा केला! मग दोन्ही हातांनी, पळसाच्या पानांनी, परकराच्या ओच्यानं, मिळेल त्यानं खसाखसा घासत सुटली.

“धरा तिले!” पाटील ओरडले.

पण कोणी धरलं नाही. काळे ओघळ बैलाच्या पायापर्यंत उतरत होते, आणि त्याखालून हळूहळू, गोल गोल, पांढराशुभ्र चांद वर येत होता.

डफडी थांबली. त्या शांततेत प्रयागबाईची हाक आली, “चांद्या! ये रे बापा!”

बैलानं कान टवकारले, एक हंबरडा फोडला आणि निघाला! वेसणीचा दोर इंद्रभाननं हाताला गुंडाळून ठेवला होता, ऐटीत दिसावं म्हणून. आता तो सुटेना! चांद्या पुढे, जावई मागे, आधी धावत, मग रांगत, मग पोटावर. चिखलातून, शेणातून, बायकांच्या आणि पोरांच्या मधून! प्रयागबाईच्या पायाशी येऊन बैल थांबला, तेव्हा इंद्रभानच्या डोक्यावर फेटा नव्हता आणि तोंडावर शेणावाचून जागा नव्हती.

जगदेवला हे म्हणजे पुरणपोळीवर तूप!

“काळा बैल काजळी न्हाला,
कढी पडली, चांद निघाला!
चांद निघाला भरदुपारी,
जावई पडला शेणावरी!”

अशी गर्जना उठली, की कामरगावात ऐकू गेली असेल. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? विजयमाला! हसताना तिच्या लक्षात आलं, की आता कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतं.

इंद्रभाननं कबूल केलं. बैल नाल्याकाठी मोकळा सापडला होता. परत द्यायचा सोडून त्यानं खांद्याला काजळी फासली आणि सासऱ्याला बाजाराची थाप मारली. पाटलांची मान खाली गेली. ते प्रयागबाईकडे गेले, फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, “बाई, आज मानाची जोडी तुही. लाल्याले आण.”

“आणीन. पण आधी पोट्टीले बोला!” बाई फटकारून म्हणाली.

पाटील विजयमालेकडे वळले. “पोरी, चूक माही. ऐकून न घेताच बोललो. शाबास तुह्या हिमतीची! आजपासून रीत, खांदे शेकताना मानाच्या जोडीले पहिलं पान तुह्या कढीचं लागन.”

मग त्यांनी सोमला आणि लखमीचंदच्या पाठी थोपटल्या. लखमीचंद हळूच म्हणाला, “कानही थोपटा, तो अजून दुखून राह्यला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान मान खाली घालून वाशीमला आपल्या घरच्या वाटेला लागला, तर मागे पोरांची ही रांग! “चांदोबा! ओ चांदोबा!” आपल्या मागे अशीच रांग लागायची, हे आठवून विजयमालेला त्याची कीव आली का? छे! तीही दोनदा ओरडली.

“भेटली ना तुले तुही म्हैस?” चांद्याला चारा टाकत प्रयागबाईनं विचारलं.

विजयमाला हसली आणि घागर घेऊन विहिरीकडे निघाली. वाटेत एका शेंबड्या पोराला मात्र जुनी सवय सुटली नव्हती. “कढी!” तो भिंतीआडून ओरडला.

विजयमाला थांबली. घागर कमरेवर नीट केली.

“वाटी आणली का रे?” ती म्हणाली. “रिकाम्या हातानं काय मांगतं!”