बायकांच्या बाजूची डिस्क

धाड गावच्या बाजारामागे आसिफचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. त्या दिवशी दुपारचं जेवण उरकून तो एका साध्याच कामाला बसला. जुना कॉम्प्युटर आचके देत होता, म्हणून त्यातल्या हार्डडिस्क काढून चिखलीहून आणलेल्या नव्या सर्व्हरच्या डब्यात बसवायच्या होत्या. दुकानदार प्रज्वलनं फोनवर बजावलं होतं, "आसिफभाई, घाई नका करू. आधी कोरी डिस्क लावा. जुनं सारं तिच्यात उतरल्याबिगर काईच पुसू नका."

"हाव बे, मले काय पोट्टं समजतं का?" आसिफ म्हणाला होता. शहाण्याला असं बजावलं की तो हमखास चुकतो.

डिस्क तीन, तिन्ही एकाच कंपनीच्या, तिळ्या बहिणींसारख्या. एकीवर पुरुषांच्या बाजूचं शूटिंग, दुसरीवर बायकांच्या बाजूचं, तिसरी कोरी. आसिफ पुरुषांत उभा राही. पडद्याआड, हळदीत, नवरीच्या खोलीत कॅमेरा घेऊन जाई ती त्याची बायको मुबीना. मुसलमानाचं लग्न असो की हिंदूचं, बायका तिच्यापुढे मोकळ्या होत. "काकू, इकडं पाहा... पदर नका वढू, चांगल्या दिसून राह्यल्या," असं तिचं बोलणं प्रत्येक व्हिडिओत. चेहरा मात्र कुठेच नाही. कॅमेरा धरणारी बाई चित्रात येणार कशी? ती तापानं गेली तेव्हा आसिफच्या लक्षात आलं, की तिचं म्हणून जगात उरलं ते एवढंच, त्या एका डिस्कवरचा आवाज. मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी तो कुणाच्यातरी लग्नाचा व्हिडिओ लावी आणि डोळे मिटून ऐकत बसे. माणूस एकटा पडला की कशाच्या आधारानं जगेल, सांगता येत नाही.

धंदाही बसला होता. बीटी कपाशीला बोंडअळी शिवत नाही म्हणत होते, ती शिवली. उभी पऱ्हाटी उपटावी लागली आणि गावोगावची लग्नं चार माणसांत उरकू लागली. आसिफकडे आता गिऱ्हाईक येई ते वेगळ्याच कामाला. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा असे आणि घरात एकही धड फोटो नसे. मग कुठल्यातरी लग्नाच्या शूटिंगमधून तो चेहरा छातीपर्यंत कापायचा, मोठा करून द्यायचा. गोजरबाई तशीच आली होती, तिच्या नवऱ्यासाठी, हिंमतरावासाठी. "हासता पाह्यजे, भाऊ," एवढंच म्हणाली. पंगतीत जिलबी वाढताना हसणारा हिंमतराव आसिफनं शोधून दिला. अशी भिंतीवर गेलेली माणसं त्या वर्षांत फार झाली.

तर आसिफनं डिस्क बाहेर काढल्या. त्यांच्यावर धूळ बसली होती, चिकटपट्टीचा डिंक होता. कॅसेटच्या काळापासून त्याला खोड, मशीनमध्ये काहीही घालायचं तर आधी थिनरनं पुसायचं. तिन्ही पुसून लख्ख केल्या. मग कोरी म्हणून एक डब्यात सारली. 'ही डिस्क ओळखीची नाही. पुसून तयार करायची का?' असं स्क्रीनवर आलं. त्यानं होकार दिला.

काम झाल्यावर हातातल्या फडक्याकडे लक्ष गेलं. फडक्यावर लाल डाग होता.

मुबीनानं आपल्या डिस्कवर खूण म्हणून नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. नमाजाआधी नखांना पाणी लागायला हवं, म्हणून स्वतःच्या नखांना तिनं ते कधी लावलं नाही. कुण्या नवरीच्या डब्यातलं उरलेलं होतं. थिनरनं नेमका तोच ठिपका नेला. आसिफनं उरलेल्या दोन्ही डिस्क जुन्या कॉम्प्युटरला लावून पाहिल्या. एकीवर पुरुष होते. दुसरी कोरी होती.

तो डब्यासमोर तसाच बसून राहिला. स्वतःच्या हातानं तिला दुसऱ्यांदा मातीआड केलं, एवढंच मनात येत राहिलं. ऊन उतरलं, खोलीत अंधारून आलं. थिनरचा वास डोक्यात भिनला होता.

आणि तो डबा कुरकुरू लागला.

आतली डिस्क फिरत होती. स्क्रीन सोडली तर डब्याला दुसरं काहीही जोडलेलं नव्हतं, तरी तिच्यावरची रिकामी जागा कमी कमी होत चालली होती. मग कुरकुर थांबली. डिस्कवर एकच व्हिडिओ दिसत होता. आसिफनं तो लावला.

आधी नुसता अंधार आणि कुजबुज. मग...

"काकू, इकडं पाहा..."

आसिफला हुंदका फुटला. तिचाच आवाज! अल्लाहनं परत दिला! आज त्यानं डोळे मिटले नाहीत. मांडव होता, ओळखीच्या बायका बसल्या होत्या. पण त्यातली एकही आता हयात नव्हती. आणि छातीखाली कुणालाच काही नव्हतं. आसिफनं फोटोसाठी जेवढ्या कापल्या होत्या, तेवढ्याच त्या होत्या.

कॅमेरा सावकाश वळला आणि पडद्यापाशी आला. मुबीनानं जन्मात कधी तो पडदा ओलांडला नव्हता. आता तिनं तो बाजूला सारला. पलीकडे पुरुष बसले होते, रांगेनं, तसेच अर्धे. पुढे हिंमतराव.

"बाई," तो हसतच म्हणाला, "बायकाइचं झालं. आमच्या बाजूचा शूटिंगवाला कुठी हाये?"

मुबीना मायेनं म्हणाली, "येऊन राह्यले..."

आसिफनं वायर उपटली. स्क्रीन काळी झाली, डबा गप्प झाला.

"अजी... चला ना. लोक थांबले."

आवाज पाठीमागून आला, कानाशी. तिची भीती नव्हती वाटत. भीती होती ती एवढ्याचीच, की त्याला जावंसं वाटत होतं. मागे वळायचं नाही म्हणून त्यानं मान ताठ धरली, दात घट्ट आवळले आणि समोरच्या काळ्या स्क्रीनकडे पाहत राहिला. तिच्यात त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, छातीपर्यंतच.

ते हसत होतं.