दगडातली थंडी

उंब्रजला हमरस्त्यालगत अर्जुना पाथरवटाची पत्र्याची शेड आहे. गोष्ट तिथली, गेल्या एप्रिलमधली. भर दुपारी गावातल्या लालासाहेबांची सून संयोगिता एक पुडकं घेऊन आली. ती कॅनडातून सुट्टीला आली होती आणि प्रवासात तिच्या दगडी बाहुल्याचा हात मोडला होता. तेवढा चिकटवून द्यायचा, इतकंच काम.

बाहुला वीतभर उंचीचा होता. अंगात केसाळ कोट, पायांत जाड बूट, डोक्यावर कोटाचीच टोपी. टोपीच्या आत मात्र नाक ना डोळे, नुसता गुळगुळीत दगड.

"ह्येचं तोंड ऱ्हायलंय व्हय?" अर्जुनानं विचारलं.

"नाही काका, तो असाच आहे. तिकडं बर्फात इन्युइट लोक राहतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं घडवलाय. तो म्हणायचा, दगड हातात धरायचा, आत कोण आहे ते विचारायचं आणि जो असेल त्याला बाहेर यायला वाट करून द्यायची. याच्यात कोण आहे ते त्याला कळलंच नाही. म्हणून तोंड कोरलंच नाही."

अर्जुनाला हसू फुटलं. "चाळीस वर्सं दगूड फोडतुय पोरी. अजून एकानं आतनं ओ दिली न्हाई."

फार दिवसांनी हसला बिचारा. चौदा महिन्यांपूर्वी सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात फौजेत असलेला त्याचा एकुलता एक मुलगा ज्योतिबा गाडला गेला. बरोबरचे तिघे सापडले, तो सापडला नाही. गावानं त्याच्या पुतळ्यासाठी पुरुषभर उंचीचा काळा दगड आणून शेडसमोर उभा केला. अर्जुनानं त्याला छन्नी लावली नाही. त्याच्या घराण्याची रीतच होती: माणसाच्या मूर्तीचे डोळे शेवटी कोरून उघडायचे, आणि ज्याचं मेलेलं तोंड पाहिलं नाही त्याचे उघडायचेच नाहीत. डोळे उघडले की तो माणूस दगडाचा झाला, घराचा राहिला नाही. त्याची बायको हरणाबाई अजून दाराला आतून कडी लावत नव्हती. सगळी आशा त्या न लावलेल्या कडीवर टांगलेली.

संयोगिता गेल्यावर अर्जुनानं हात चिकटवला आणि तो वाळेपर्यंत बाहुला धरून बसला. बाहेर ऊन रणरणत होतं. दगड मात्र गार होता, आणि धरेल तसा जास्तच गार होत होता. अर्जुनाला थट्टा सुचली.

"कोण हाय रं आत?"

बोटांना कळ लागली, बर्फ धरल्यावर लागते तशी. मग त्यानं कानस कधी उचलली, हे त्यालाही सांगता येत नाही. दगड मऊ होता, आणि बिनतोंडाची मूर्ती पाथरवटाला बघवत नाही. परक्याची वस्तू आपण बिघडवतोय, हे कळत असूनही हात थांबेना. आधी नाक आलं, मग ओठ, मग हनुवटीवरची खोक... लहानपणी ज्योतिबा याच शेडमध्ये पडला होता, तेव्हाची. ती खोक दिसली आणि अर्जुनाच्या हातून कानस गळाली.

दिवेलागणीला हरणाबाई चहा घेऊन आली. तिनं बघितलं आणि कपबशी तशीच जमिनीवर ठेवली.

"आवं... डोळं उघडू नगासा..."

"न्हाई उघडत."

"माझी आन घ्या."

त्यानं आण घेतली. बाहुल्यावर फडकं घालून तो कोनाड्यात ठेवला आणि शेडला कुलूप लावलं. किल्ली कमरेला होती.

सकाळी फडकं ओलं होतं. त्याखाली ज्योतिबा दोन्ही डोळे उघडून बघत होता.

हरणाबाईनं नवऱ्याची गचांडी धरली. "तुमीच! तुमीच मारलासा माझ्या लेकराला!"

"तुझी आन हाय गं... म्या हात न्हाई लावला."

तो बाहुला घेऊन उजेडात आला. डोळ्यांच्या कडांवरून त्यानं अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. बाहेरून घाव घातला की डोळ्याची खाच आत उतरत जाते. इथं कडा बाहेर फुटल्या होत्या. घाव आतून बसला होता.

तेवढ्यात आवाज आला. टक... टक... ठण्ण.

"कोयनेचा धक्का असंल," अर्जुना पुटपुटला. पण पत्रा हलत नव्हता. जमिनीवरच्या कपातला कालचा चहासुद्धा हलत नव्हता. आवाज शेडसमोरच्या काळ्या दगडातून येत होता. दोन हलके घाव, एक जोराचा. असं घाव घालायला त्यानं एकाच माणसाला शिकवलं होतं.

हरणाबाई पळत गेली आणि दगडाला कान लावून उभी राहिली. वळली तेव्हा तिचा दगडाकडचा गाल पांढराफटक पडला होता आणि केसांत बर्फाचा चुरा होता. एप्रिलमध्ये, उंब्रजला.

तिनं छन्नी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"फोडा की वो... आत लय थंडी वाजतीया त्येला."

अर्जुनानं छन्नी दगडाला टेकवली. आतला आवाज थांबला. नेमक्या तेवढ्याच जागी, आतून, कोणीतरी छन्नीचं टोक टेकवलेलं त्याच्या हाताला कळलं.