तिसऱ्या शंखापर्यंत

पहिला शंख वाजला तेव्हा सोसेफीना दुकानातून पाव आणि माशाचा डबा घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. सावाई बेटावरच्या त्यांच्या गावात संध्याकाळी तीनदा शंख वाजतो. पहिल्याला घर गाठायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, आणि तिसरा होईपर्यंत रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. गावातले जवान गडी रस्त्याच्या कडेला थोड्याथोड्या अंतरावर राखणीला उभे असतात. तिच्या घरासमोर आज सेफो होता.

"पाय उचल, सोसेफीनाताई. दुसऱ्याच्या आत पोचली नाहीस तर दंड म्हणून तुमचं डुक्कर गावजेवणाला."

"आमचं डुक्कर तुझ्यापेक्षा हुशार आहे. तुझ्या हाती लागायचं नाही."

सेफो हसला, मग हलकेच म्हणाला, "तिलोमाईचं काही कळलं?"

"नाही रे. डॉक्टर म्हणतात, कधीही ऑपरेशनला घेतील."

तिलोमाई म्हणजे तिची एकुलती एक लेक. ऑकलंडच्या दवाखान्यात होती. सातवा महिना, आणि सकाळपासून रक्त जात होतं. सोसेफीनाचा व्हिसा आला नव्हता. गावात मोबाइलला रेंज नाही, डोंगरावर चढलं तरच. लेकीशी जोडणारी एकच गोष्ट होती, घराच्या मधल्या खांबाला टांगलेलं ते पांढरं राऊटर.

त्याच खांबापाशी तिचे वडील एतुआले उभे होते. पहिला शंख झाला की ते उठत आणि राऊटरची पिन काढून ठेवत. प्रार्थनेच्या वेळी घराचं दार लावावं, तसं. खरं तर त्या घराला दार नव्हतं, भिंतीही नव्हत्या. नुसते खांब, वर छप्पर आणि गुंडाळून ठेवलेले चटयांचे पडदे. अंगणात, दहा पावलांवर, पांढऱ्या फरशीचं आईचं थडगं.

"बाबा, आज नको काढू," सोसेफीना म्हणाली.

"वीस मिनिटं तर आहेत, फिना."

"त्या वेळीही वीसच मिनिटं होती."

तोंडातून निघून गेलं. वर्षभर घरात कुणी हा विषय काढला नव्हता. तिची आई लितारा अशाच एका संध्याकाळी याच चटईवर गेली. नातीचा आवाज एकदा ऐकायचा म्हणून फोन लावत होती. आणि बाबांनी नेहमीसारखी पिन काढली होती. तिसरा शंख झाला तेव्हा आईच्या फोनवर ते पांढरं वर्तुळ नुसतंच गरगरत होतं, आणि आई थंड पडली होती. मूठ उघडेना. शेवटी फोन तसाच तिच्याबरोबर पुरला.

एतुआले बराच वेळ पिनेकडे बघत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि चटईवर येऊन बसले.

दुसरा शंख वाजला. गाव एकदम गप्प झालं. कोंबड्यासुद्धा गप्प. बाबांनी स्तोत्र सुरू केलं आणि तिने सूर धरला. फोन मांडीवर उपडा ठेवला होता. राऊटरवर दोन हिरवे दिवे होते. एक सदा जळायचा. दुसरा घरातलं कुणी बोलत असेल, काही पाहत असेल, तेव्हाच लुकलुकायचा.

दुसऱ्या कडव्याला तो लुकलुकायला लागला.

सोसेफीनाने फोन उलटून पाहिला. काळा. बाबांनी आयुष्यात फोन हातात धरला नव्हता. शेजारची पोरं सिग्नल मिळावा म्हणून थडग्यावर येऊन बसत खरी, त्यांना पासवर्डही आईनेच वाटला होता. पण या वेळी, सेफोच्या डोळ्यांदेखत?

तिने मान वळवली.

थडग्यावर निळसर उजेड होता. फोनच्या पडद्यावरून चेहऱ्यावर पडावा तसा, खालून वर गेलेला. फक्त वर चेहरा नव्हता. वारा पडला होता, तरी खोबरेलात मुरवलेल्या मोसोओईच्या फुलांचा वास येत होता. आई केसांना लावायची, तेच तेल. आणि कुणीतरी बारीक आवाजात, न थांबता बोलत होतं… शब्द कळत नव्हते.

तिचा सूर तुटला. बाबा डोळे मिटूनच बसले होते.

"फिना… दिवा लुकलुकतोय का?"

"हो."

"मग हात लावू नकोस. बोलू दे तिला."

तिसरा शंख झाला आणि उजेड विझला. सोसेफीना अनवाणीच रस्त्यावर धावली.

"सेफो, थडग्यावर कोण होतं?"

"कोणीच नाही. माझा डोळा तिथंच होता, पोरं येतात म्हणून. का गं, अशी पांढरी का पडलीस?"

फोन वाजला तो दोन तासांनी, ती राऊटरखाली बसलेली असताना. तिलोमाईच होती. आवाज गुंगीतला, पण तिचाच.

"आई… मुलगी झाली. एवढीशी आहे, पण रडली. मी पण बरी आहे."

 सोसेफीनाने बाबांनाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बरं झालं तू फोन केलास," तिलोमाई म्हणाली. "आजीच्या नंबरावरून का केलास पण? चित्रही काळंच होतं. आत नेईपर्यंत बोलत होतीस."

"काय… काय बोलले मी?"

"म्हणालीस, इथं करमत नाही, कुणाला तरी सोबतीला पाठव. मला वाटलं, घरी एकटी पडलीस म्हणून म्हणतेस. मी म्हटलं, मी कशी येऊ, आणि बाळ तर अजून आलंच नाही. मग म्हणालीस, बरं, राहा तुम्ही दोघी. म्हाताऱ्यालाच सांगते, तयार राहा म्हणून."

सोसेफीनाने झटकन आवाज बंद केला. पण बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, बाजाराला कुणी सोबत मागावी आणि आपण हो म्हणावं, तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारीच अंघोळ केली. पेटीतली बारीक विणीची चटई काढली, झटकली, अंथरली. सोसेफीनाने नीरफणस भाजला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"बाबा, दोन घास खा."

"तुझी आई वाट बघते आणि मी खात बसू? माझा उशीर तिला कधी खपलाय?"

पहिला शंख झाला. राऊटर आल्यापासून पहिल्यांदाच ते खांबाकडे गेले नाहीत. सोसेफीना गेली.

"फिना, राहू दे ते चालू. एकदा बंद केलं, तेवढं पुरे."

"तिलोमाईला मी मागून लावीन फोन. वीस मिनिटं तर आहेत, बाबा," ती म्हणाली आणि तिने पिन ओढून काढली. दोन्ही दिवे गेले. तिने तारेची गुंडाळी केली, पिन मुठीत घट्ट धरली आणि बाबांना अगदी खेटून बसली. आज थडग्याकडे पाहायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

दुसरा शंख. गाव गप्प. बाबांनी स्तोत्र सुरू केलं. एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं आणि मध्येच थांबलं.

मोसोओईचा वास आला. आता अंगणातून नाही, इथूनच, चटईवरून.

तिने वर पाहिलं. बंद राऊटरवरचा दुसरा दिवा लुकलुकत होता. तिच्या मुठीतली पिन कोमट झाली होती.

"हो," बाबा कुणाला तरी म्हणाले. "हो गं… चिडू नकोस. यावेळी नाही बंद केलं मी."

त्यांनी उजवी मूठ कानाला लावली होती. बोटांच्या फटींतून निळसर उजेड झिरपत होता आणि मनगटावरून ओली माती ओघळत होती. सोसेफीनाने दोन्ही हातांनी ती मूठ धरली, एकेक बोट उकलायला गेली. मूठ उघडेना.

तिसरा शंख अजून व्हायचा होता.