फौजीमामांची आखूड कबर

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी ऐकीव सांगत नाही. हे माझ्या हातून घडलंय.

साल १९९५, डिसेंबर महिना. कड्याजवळचं आमचं गाव. आणि रात्र नव्हती बरं का... भर दुपार होती.

आमच्या शेजारी याकोब साळवे राहायचे. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच, पण सगळा गाव त्यांना फौजीमामा म्हणायचा. माणूस कडक. लेकीपुढं मात्र लोणी. रूथची वेणी स्वतः घालायचे. लोक हसले की म्हणायचे, "हसा लेको. बंदूक पुसणाऱ्याला वेणी काय अवघड हाय?"

ते गेले, तेव्हा मला माझाच बाप गेल्यासारखं वाटलं.

रूथ सोलापूरला नर्सिंग शिकत होती. एसटीडी बूथवरून निरोप दिला होता. पण दुसरा दिवस उजाडला, दुपार झाली...

रूथ आली नाही.

मामांचं अंग सुजायला लागलं होतं. तालुक्याच्या चर्चमधून आलेले पाळकसाहेब म्हणाले, दिवस मावळायच्या आत माती द्यावीच लागेल.

"लेकीनं तोंड बघितल्याबिगर पेटीला खिळे मारू नका," मामांची बायको, मार्थामामी, एवढंच म्हणत होती.

शेवटी ठरलं. खिळे कबरीपाशी मारायचे. तोवर आली तर आली.

कबर खणायला मी आणि म्हातारे बद्रीनाथकाका गेलो. मामांच्याच शेताच्या बांधाला. आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला बसवून समाधी देतात. खड्डा चौकोनी आणि खोल लागतो. हाताला सवय तीच...

कमरेएवढं खणल्यावर माझी ट्यूब पेटली.

"काका! मामाला आडवं ठेवायचंय! लांब खणावं लागंल!" मी ओरडून सांगितलं. काकांना ऐकायला फार कमी यायचं.

"आता सांगतुस व्हय बे?"

मी पुन्हा कुदळ उचलली.

आणि वरून आवाज आला...

"बस झालं. वर या."

आवाज हळू होता. पण हुकूम होता.

मी वर पाहिलं. ऊन थेट डोळ्यांत. काठावर कुणीतरी उभं होतं, चेहरा दिसेना. त्यानं हात पुढं केला. ओल्या मातीनं भरलेल्या हातानं मी तो धरला आणि एका हिसक्यात वर आलो.

डोळे चोळले...

कुणीच नव्हतं.

चहूकडे वीतभर हरभरा. माणूस लपणार कुठं?

काका माझ्या आधीच वर येऊन पलीकडच्या काठावर उभे होते. जवळ बोललेलं ज्यांना ऐकू येत नाही, ते काका!

"पलटनीतला कुणी सोबती असंल," ते पुटपुटले.

त्यानंतर खड्ड्यात उतरायची आमची छातीच झाली नाही. पाणी पीत बसून राहिलो.

दिवस कलायला लागला आणि पेटी आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मार्थामामीनं रस्त्याकडं पाहिलं. रस्ता रिकामा होता. तिनं पदर तोंडात कोंबला. सुतारानं हातोडी उचलली...

"थांबा! ही पेटी ह्यात बसायची कशी?" खड्ड्यात डोकावून कुणीतरी ओरडलं.

माझे वडील बसवेश्वरअप्पा माझ्यावर धावून आले. "गाढवा, मामाला मांडी घालून बसवायचं हाय का?"

माणसं खड्ड्यात उतरली आणि लांबी वाढवायला लागली. हातोडी बाजूला पडली.

अंधारून आलं. कबर तयार होत आली...

आणि रस्त्यावर काळीपिवळी जीप थांबली.

रूथ हरभऱ्यातून धावत आली. पायात चप्पल नव्हती. तिच्यासाठी झाकण सरकवलं. गणवेशातले मामा झोपल्यासारखे दिसत होते. तिनं त्यांचा उजवा हात उचलला, गालाला लावला...

आणि थबकली.

"आई, बाबाचा हात कावून धुतला न्हाई?"

तळव्याला ओली काळी माती होती.

"मीच धुतलाय गं... साबण लावून," मार्थामामी म्हणाली.

मी काकांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

रूथनं ओढणीनं तो हात पुसला. बोट न् बोट पुसलं. मग त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, मी आले. आता जावा तुमी."

तिथं उभा असलेला एकही माणूस रडायचा राहिला नाही. माझे अप्पासुद्धा.

मार्थामामी म्हणाली, "आता मारा खिळे."

पुढं काका वारले. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

रूथ दर नाताळला गावी येते, कबरीवर फुलं ठेवते, मग आमच्या दुकानात चहा घेते. दरवर्षी एकच बोलते.

"वैजिनाथदादा, लई बरं झालं तुमी खड्डा चुकवला. न्हाईतर मला बाबा दिसलाच नसता."

मी मान हलवतो, दुसरीकडं बघतो.

चूक आमची नव्हती, हे तिला सांगायला माझी जीभ अजून उचलत नाही...