डोहाळे कुणाचे

ग्वाल्हेरच्या पडाव बाजारातल्या फळवाल्याकडे हिरव्या केळ्यांची एकच फणी उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदमच पडले. एक वनमालेचा. दुसरा एका उंच, सडपातळ तरुणाचा, ज्याच्या बाहीवर शाईचा डाग होता. बऱ्हाणपुराकडची केळी रेल्वेनं ग्वाल्हेरला हिरवीच उतरतात, पण फळवाले ती लगोलग पिकायला घालतात. वनमाला शाळेत शिकवून थेट तिथे धावत आली होती. ती काही हात काढणार नव्हती.

"मला तशी घाई नाही," तो म्हणाला. "काप करणार होतो. उद्या करीन."

"मला आहे," वनमाला म्हणाली. "डोहाळे लागलेत. कच्च्या केळ्याचे तळलेले काप… दुसरं काही नकोच आहे."

झालं! आपली मराठी ही अशी. कुणाला लागलेत ते सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं. वनमालेच्या मनात घरी वाट बघणारी सरोजिनीवहिनी होती, आणि त्याच्या मनात भलतंच. तो कानापर्यंत लाल झाला, फणी सोडली, आणि त्याची नजर जी खाली गेली ती तिच्या चपलांवरच थांबली. तिची पिशवी मात्र त्यानं टांग्यापर्यंत स्वतः नेऊन ठेवली. किती भला माणूस, असं वनमालेला वाटलं, आणि दौलतगंजातलं घर येईपर्यंत वाटतच राहिलं.

घरी काप काही सुखासुखी होत नव्हते. वनमालेच्या आईचा, इंदुताईंचा, पोटुशीला तळलेलं देण्यालाच विरोध होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढून दिला. खाऊ दे, पण घरचंच. तेल ताजं हवं, एकदा तापवलेलं पुन्हा वापरायचं नाही. काप आतपर्यंत शिजलेले हवेत, मीठ बेताचं, चार-पाच खाऊन हात आवरायचा, आणि तेही रोज नाही. बाजारातल्या काळ्या तेलातलं तर बिलकुल नाही. राखणीचं काम वनमालेकडे आलं, आणि वहिनी तिला कोतवालीण म्हणू लागली.

पुढच्या खेपेला फळवाल्याकडे फणी बाजूला काढून ठेवलेली होती. "वो बाबूजी रखवा गए हैं," फळवाला म्हणाला, आणि बाबूजी मागेच उभे होते. नाव श्रीपाद टेंबे, मूळ इंदूरचे, मध्यभारत सरकारच्या कचेरीत कारकून, पडावावरच खोली घेऊन हातानं रांधून खाणारे. मग हे होतच राहिलं. तो फणी राखायचा, ती न्यायला यायची, आणि टांगा मिळेपर्यंत दोघं बोलत उभी राहायची. काप आधी मिठाच्या पाण्यात ठेवले की काळे पडत नाहीत, हे त्यानं सांगितलं. एकदा तर घाण्यावरून ताज्या शेंगदाण्याच्या तेलाचा डबाच घेऊन आला. आवाजात एवढी माया, पण मान वर म्हणून नाही. वनमाला नवी साडी नेसून गेली, तरी नजर आपली चपलांवर. तिला रागच आला.

एके दिवशी डबा टांग्यात ठेवताना तो हळूच म्हणाला, "एवढं ओझं तुम्ही उचलत जाऊ नका. तुमच्या मिस्टरांना पाठवत चला ना… अशा दिवसांत."

वनमालेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती काही बोलणार तोच टांगा सुटला.

घरी तिनं हे सांगितलं, तेव्हा वहिनी पोट धरधरून हसली. "अगं, तुझे दिवस भरायच्या आत सांगून टाक त्यांना," म्हणाली. वनमालाही हसली, पण त्या हसण्यात तिला आपलं आपल्यालाच कळून चुकलं. हा माणूस तिला हवा होता. आणि तो तिला परक्याची बायको समजत होता.

उद्या सांगू म्हणता म्हणता दिवाळी तोंडावर आली. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार, हे गावभर झालं होतं. तरी श्रीपादनं येत्या सोमवारी निघतोय असं सांगितलं, तेव्हा ती पैसे मोजता मोजता चुकली. फळवाल्याला सांगून ठेवलंय, फणी मिळत राहील, असं तो म्हणाला. तब्येतीला जपा म्हणाला. भर बाजारात, केळ्यांच्या ढिगाशी उभं राहून, माझं लग्न झालेलं नाही असं कुठली मुलगी सांगेल?

"रविवारी घरी या," ती एवढंच म्हणाली. "काप खायला."

"तुमच्या मिस्टरांना काय वाटेल…"

"तुम्ही या तर खरं."

तो आला. दार उघडलं ते वहिनीनं, चांगलं पुढे आलेलं पोट सावरत. "या. केळीवाले तुम्हीच ना? डोहाळे माझे आहेत बरं, आमच्या वन्संचे नाहीत. त्यांचं अजून लग्न व्हायचंय."

श्रीपाद उंबऱ्यातच थिजला. मग त्यानं मान वर केली, पहिल्यांदा, आणि आत कढईपाशी उभ्या असलेल्या वनमालेकडे पाहिलं. तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. वहिनी आपले मोजके काप घेऊन, इंदुताईंना हाताशी धरून, शहाण्यासारखी अंगणात गेली.

"मी कधी वर बघितलंच नाही," तो म्हणाला. "बघितलं असतं तर… नजर काढता आली नसती. परक्याचं माणूस, म्हणून फार जपलं स्वतःला. फार जड गेलं."

वनमालेचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती कढईकडे वळली, आणि उरलेले काप उगाचच उलटेपालटे करत बसली.

"भोपाळला ताजं तेल मिळतं का हो, तळणाला?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"माहीत नाही. नसेल मिळत तर?"

"तर इथून घेऊन जाऊ."

कढईत तेल चुरचुरत होतं. मागून पाऊल वाजलं, अगदी जवळ.

"एकदा फसलोय," श्रीपाद म्हणाला. "आता मोघम नको. कोण घेऊन जाणार? नाव घेऊन सांगा."

वनमाला वळली. दोघांचीही मान आता वर होती.

"आपण," ती म्हणाली. "नाव लग्नात घेईन."