तिसऱ्या कप्प्यातली ओल

तेलंगणातल्या तांडूरच्या एका सिमेंट कारखान्यात मी एकवीस वर्षं फिल्टर सांभाळतोय. वाळवणीच्या भट्टीतला गरम, दमट धूर लोखंडी कप्प्यांत टांगलेल्या कापडी पिशव्यांतून गाळला जातो. धूळ पिशव्यांवर राहते. पथ्य एकच. धूर थंड होऊ द्यायचा नाही. झाला, की वाफेचं पाणी होतं, धुळीचा चिखल होतो आणि पिशवीवर गिलाव्यासारखा बसतो.

श्रावणात माझा जोडीदार कामगार भिक्षपती तिसऱ्या कप्प्यात शिरून पिशव्या बदलत होता. आमचे साहेब चेन्नारेड्डी सार म्हणाले, "मोगुलय्या, पंखा लाव. आत कोणी नाही."

मी डोकावून पाहिलं नाही. पंखा लावला. भट्टीचा गरम धूर कप्प्यात ओढला गेला आणि भिक्षपती आतच संपला.

जबाबात आम्ही दोघांनीही लिहिलं, भिक्षपती परवानगीशिवाय आत शिरला होता.

दसऱ्यानंतर तिसरा कप्पा ओला पडू लागला. तापमापकाचा काटा एकशे चाळीस अंशांवर, शेजारचे कप्पे कोरडे ठणठणीत आणि याच्या पिशव्या चिंब. दाराच्या रबरी पट्ट्या बदलल्या, तापमापक नवा बसवला. ओल हटेना.

एका दुपारी दार उघडलं, तर चिखलात बोटं उमटलेली. वरून खाली ओढलेली. दाराजवळच्या रांगेत जास्त.

"पिशव्या काढताना लागले असतील हात," सार लांबूनच म्हणाले.

"सार, अजून कोणी आत गेलेलं नाही."

भिक्षपतीची बायको यादम्मा आता कारखान्यात झाडू मारते. बाहेर काढलेली एक पिशवी तिनं उचलून हुंगली.

"अन्ना, हे पाणी नाही."

"मग?"

"एकोणीस वर्षं त्याचे सदरे धुतले. घाम ओळखू येत नाही होय मला?" तिनं पिशवीची घडी घातली. "परवानगी नव्हती ना त्याला? आता द्या. येऊ दे बाहेर."

मी खरा जबाब लिहून सारांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, खणात टाकला.

"पंखा कोणी लावला होता, मोगुलय्या?"

मी कप्प्यांकडे परत आलो.

संक्रांतीला भट्टी बंद झाली. सगळी दारं सताड उघडली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कप्प्यांचे काटे बावीसवर आले.

तिसऱ्याचा सदतीसवर थांबला. जिवंत माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब.

तापमापक पुन्हा बदलला. आतला पत्रा हाताला गार लागतो.

आज अकरावा दिवस. सदतीसच.